धुक्यातला एक दिवस

‘मुलगा बोटीवर असतो’ एवढे सांगितले की गोमंतकात पुढचे काही विचारावे लागत नाही. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नवे घर, दारातली गाडी आणि चतुर्थीला हमखास घरी नसणारा मुलगा, अशी तीन चित्रे एकदम उभी राहतात. पहिली दोन आम्ही पुष्कळ पाहिली होती. तिसऱ्याचा अर्थ मात्र गेल्या नाताळात, मेक्सिकोच्या आखातात धुक्यात अडकून पडलो तेव्हा कळला.

नाताळच्या सुट्टीला जोडून रजा घेऊन आम्ही उभयता ह्यूस्टनला कन्येकडे गेलो होतो. जावईबापूंनी पाच दिवसांच्या सागरसफरीचा बेत आखला. गॅल्व्हस्टन बंदरातून निघायचे, मेक्सिकोचे कोझुमेल बेट पाहायचे आणि रविवारी सकाळी परत गॅल्व्हस्टनला उतरायचे. हजारो माणसांना पोटात घेणारी ती बोट पाहून आम्हांस आमची शाळाच आठवली. घंटा, रांगा, सूचना आणि सूचनांकडे दुर्लक्ष करणारे बहुसंख्य!

अशा सफरीच्या अखेरच्या रात्री सामानाला चिठ्ठी लावून ते खोलीबाहेर ठेवायचे असते. कामगार ते रातोरात गोळा करतात आणि सकाळी धक्क्यावर मांडून ठेवतात. आम्हीही शिस्तीने बॅगा बाहेर ठेवल्या. रविवारी पहाटे जाग आली ती भोंग्याने. खिडकीबाहेर समुद्र नव्हता, आकाशही नव्हते. नुसता पांढरा कापूस. हिवाळ्यात दक्षिणेकडची उबदार, दमट हवा किनाऱ्यालगतच्या थंड पाण्यावरून वाहू लागली की तिच्यातल्या बाष्पाचे असे दाट धुके होते. रडारवर सारे दिसत असले, तरी अरुंद मार्गातून एवढे धूड बंदरात न्यायचे तर स्थानिक वाटाड्या, म्हणजे पायलट, बोटीवर यावा लागतो. धुके फार दाट झाले की ही ने-आण थांबवतात आणि मग बाहेरच तिष्ठत राहण्यावाचून गत्यंतर नसते.

भोंग्याचेही शास्त्र आहे. धुक्यात चालती बोट दर दोन मिनिटांच्या आत एक दीर्घ भोंगा देते. नांगर न टाकता नुसती थांबली असेल तर लागोपाठ दोन देते. त्या दिवशी आम्ही एक आणि दोन मोजत बसलो. एकदाही कप्तानाने ‘चला, जाऊन पाहू’ म्हटले नाही. समुद्राशी पैज लावू नये, हे त्या बंदराइतके कोणाला ठाऊक असणार? 8 सप्टेंबर 1900 च्या चक्रीवादळात त्या शहरातली हजारो माणसे दगावली आणि त्यानंतर तेथे समुद्राला भिंत बांधली गेली. ऑगस्ट 2017 मधल्या हार्वे वादळाच्या वेळी बंदर बंद झाले, तेव्हा परतणाऱ्या प्रवासी बोटी कित्येक दिवस समुद्रावरच राहिल्या. काहींनी न्यू ऑर्लीन्सला जाऊन इंधन आणि शिधा भरून घेतला. त्यामानाने आमचा विलंब तो काय!

सकाळी न्याहारीच्या वेळी कप्तानाने घोषणा केली. आज बंदरात जाणे होणार नाही, खाण्यापिण्याची वाण नाही, करमणुकीचे कार्यक्रम चालू राहतील. भोजनगृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. एक दिवस फुकट! आम्हीही टाळ्या वाजवल्या, हे येथे कबूल केलेच पाहिजे. थोड्याच वेळात चौकशीच्या खिडकीपुढे विमानाची तिकिटे बदलणाऱ्यांची रांग लागली. बॅगा तळघरात जाऊन बसलेल्या असल्यामुळे जो तो कालच्याच कपड्यांत फिरू लागला. एक गृहस्थ तर झोपण्याच्या पोशाखात पत्ते खेळत होते.

आमच्या मेजावर पाचही दिवस एक सावळा, हसतमुख तरुण वाढत असे. टाळ्या चालू असताना तो आमच्या कपात चहा ओतत होता. चहा बशीत सांडला. त्याने क्षमा मागितली. आम्ही उभयता आपसात बोललो ते ऐकून तो हळूच म्हणाला, “सर, तुमी गोंयचे?”

तो डिचोलीकडचा निघाला. इतके दिवस आम्ही त्याला इंग्रजीत पाणी मागत होतो! दुपारी गर्दी ओसरल्यावर त्याने मोजक्या शब्दांत सांगितले ते असे. त्याचा नऊ महिन्यांचा करार त्या रविवारी संपत होता. संध्याकाळी ह्यूस्टनहून विमान, मंगळवारी पहाटे घर. मंगळवारीच वडिलांचे वर्षश्राद्ध. वडील गेले तेव्हाही तो आधीच्या बोटीवर होता आणि ती बोट भर समुद्रात होती. तो थोरला मुलगा.

“कंपनी दुसरे तिकीट देते, सर,” तो म्हणाला, “पण तिथी पुढे ढकलता येत नाही.”

आम्ही काय बोलणार? आम्ही नुकत्याच टाळ्या वाजवल्या होत्या.

विलंबाचा हिशेब सर्वांना सारखा पडत नाही, हे त्या दिवशी उघड्या डोळ्यांनी पाहिले. प्रवाशाला एक दिवस अधिक मिळतो. कामगाराला एक दिवसाचे काम अधिक मिळते. एरवी सकाळी जुने प्रवासी उतरतात आणि दुपारी नवे चढतात. मधल्या काही तासांत सगळ्या खोल्या झाडून, चादरी बदलून तयार ठेवायच्या असतात. उशिरा पोचलेल्या बोटीला तेवढीही उसंत नसते, कारण नवे प्रवासी धक्क्यावर ताटकळत असतात. 2006 च्या आंतरराष्ट्रीय सागरी श्रम कराराने खलाशांना 24 तासांत किमान 10 तास विश्रांती ठरवून दिली आहे. पण मनाच्या विश्रांतीचा नियम कोणता करार घालून देणार? कप्तानाचे थांबणे योग्यच होते. त्याला दोष देण्याचा विचारही आमच्या मनात आला नाही.

सोमवारी सकाळी धुके विरले आणि दुपारी आम्ही उतरलो. सकाळचा चहा त्यानेच दिला. या खेपेस सांडला नाही. पुढे गोव्यास आल्यावर त्याचा फोन आला. तो बुधवारी पहाटे पोचला. आदल्या दिवशी धाकट्या चुलत्यांनी विधी उरकला होता. आईने त्याच्यासाठी पान झाकून ठेवले होते, एवढेच त्याने सांगितले.

परवा आमचा एक माजी विद्यार्थी सीडीसीसाठी शाळेचा दाखला न्यायला आला. असे दाखले आम्ही वर्षानुवर्षे सही करून देत आलो. ‘जा, नाव काढ’ एवढाच आमचा आशीर्वाद. या वेळी त्याला बसवून घेतले आणि धुक्यातल्या त्या दिवसाची हकिगत सांगितली. मुलाने मुकाट्याने ऐकली, दाखला घेतला आणि नमस्कार करून गेला. तो जाणार, आणि त्याने जावेच. घर त्यालाही उभे करायचे आहे. फक्त दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांना आम्ही मुद्दाम गाठले. मुलाचा फोन आला आणि ‘बोट लेट आहे’ म्हणाला, तर ‘कधी येतोस’ हे मागाहून विचारा, आधी ‘जेवलास का’ ते विचारा, एवढे सांगून आलो.