ज्याचा पत्ता नाही, त्याचा ताप

माझ्या वर्गातला एक मुलगा गेल्या वर्षी तीनदा आठ-आठ दिवस गैरहजर राहिला. पहिल्या खेपेला मी रागावलो, दुसऱ्या खेपेला चिठ्ठी पाठवली, तिसऱ्या खेपेला घरी गेलो. बाहेर एप्रिलचं ऊन आणि आत त्याचे अब्बा दोन रजया पांघरून कुडकुडत पडलेले. ते गडचिरोली ते छत्तीसगड या पट्ट्यात खाणींवरच्या गाड्या चालवतात. आजारी पडले की घरी येतात आणि मग मुलगा किराणा दुकानात कामाला लागतो.

"सर, वही पुराना मलेरिया है," ते म्हणाले, जणू एखाद्या नातेवाईकाची ओळख करून देत होते.

उशाशी तीन गावांच्या तीन चिठ्ठ्या होत्या. एका डॉक्टरने रक्त न तपासताच सलाईन लावलं होतं. दुसऱ्याने क्लोरोक्विनच्या तीन दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या. तिसऱ्याने त्यांच्या जोडीला प्रायमाक्विनचा चौदा दिवसांचा कोर्स लिहून दिला होता, तो बरोबर होता. पण चौथ्या दिवशी ताप उतरला, ठेकेदाराचा फोन आला आणि उरलेल्या गोळ्या डॅशबोर्डवर राहिल्या.

मी डॉक्टर नाही, बी.एड. झालेला मास्तर आहे. पण एवढं कुणालाही समजू शकतं. व्हायवॅक्स जातीचा मलेरिया रक्तातून गेला तरी त्याचे जंतू यकृतात दडून बसतात आणि काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी पुन्हा उठतात. दडलेल्या जंतूंवर प्रायमाक्विन चालतं, तेही पूर्ण घेतलं तर. शिवाय ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं द्रव्य जन्मतःच कमी असतं, त्यांच्या लाल पेशी या गोळीने फुटू शकतात. म्हणजे चौदा दिवस कुणीतरी विचारपूस करणारं हवं. या माणसाला दर वेळी नवा डास चावला असेलच असं नाही. बहुधा एकच अर्धवट उपचार तीनदा घरी परत येत होता.

गावात आशाताईकडे घरांची यादी असते. ताप आला की ती बोटातून रक्त घेते, पट्टीवर तपासते, गोळ्या देते. चांगली व्यवस्था आहे ती. पण गाडीच्या टपावर झोपणारा क्लीनर कुठल्या घरात मोजायचा? खाणीच्या गावात तो बाहेरचा, स्वतःच्या गावात तो गैरहजर. आपल्याकडे मुसाफिराला नमाजही वेगळी, कसरची. जकातीच्या आठ हकदारांतही मुसाफिर आहे. आरोग्य खात्याच्या नोंदवहीत मात्र त्याचा रकाना सापडत नाही.

हा रकाना एका देशाने तयार केला आणि त्यातूनच मलेरिया संपवला. दक्षिण अमेरिकेतलं सुरिनाम. 1873 साली लल्लारुख जहाजातून गिरमिटिया मजूर जिथे उतरले, ते हेच. त्यांचे वंशज, हिंदूही आणि मुसलमानही, आज तिथे आहेत. 30 जून 2025 रोजी जागतिक आरोग्य संघटनेने सुरिनामला मलेरियामुक्तीचं प्रमाणपत्र दिलं. ॲमेझॉन खोऱ्यातला असा हा पहिलाच देश.

तिथली किनारपट्टी 1960च्या दशकातच डीडीटीने साफ झाली होती. उरला आतला जंगलभाग. 1974 पासून तिथल्या आदिवासी वस्त्यांमधूनच माणसं निवडून त्यांना आरोग्यसेवेचं प्रशिक्षण दिलं गेलं. मग सोन्याने घोळ केला. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने माती फोडून सोनं काढतात, मागे खड्डे राहतात, खड्ड्यांत पाणी आणि पाण्यात डास. शेजारच्या देशांतून, विशेषतः ब्राझीलमधून, मजूर आले. अनेकांकडे कागद नव्हते. जंगलात ताडपत्रीखाली झोळ्या बांधून झोपायचं आणि एक खाण संपली की पुढच्या खाणीवर. 2001 मध्ये रुग्णसंख्या 15 हजारांवर गेली आणि अमेरिका खंडांत सर्वांत जास्त लागण याच देशात होऊ लागली. अवघी पाच लाखांच्या आसपासची लोकसंख्या!

2006 पर्यंत आदिवासी गावांतला मलेरिया खूप घटला. आता तो मुख्यतः खाणींवर होता. सरकारने तेव्हा खाणीवर राहणारीच माणसं निवडली, त्यांना रक्ततपासणी आणि औषध देणं शिकवलं, त्यांच्यावर देखरेख ठेवली. तपासणी फुकट, औषध फुकट आणि कागदपत्रं असोत की नसोत, उपचार सगळ्यांना. सीमेवरही तपासणी. फाल्सिपॅरमचा शेवटचा स्थानिक रुग्ण 2018 मध्ये सापडला, व्हायवॅक्सचा 2021 मध्ये.

बेकायदा खाणवाल्यांचे लाड कशाला, असं कुणीही म्हणेल. मलाही त्या खाणींचं कौतुक नाही. सोनं वेगळं करायला वापरलेला पारा नद्यांत जातो आणि तो माशांतून जंगलातल्या माणसांच्या पोटात पोहोचतो. खाण बंद करायची तर जरूर करा. पण ज्या मजुराला पकडलं जाण्याची भीती आहे तो दवाखान्यात येणार नाही, कॅम्पच्या दुकानातून मिळतील त्या गोळ्या अर्ध्या खाईल. अर्धवट औषधाने जंतू निगरगट्ट होतात. मग जो मलेरिया पसरेल, तो शेजारच्या गावात कागद पाहून शिरणार नाही.

आणि साथ आली की ती कुणाच्या माथी मारली जाते, हे 2020 पाहिलेल्या आपल्या वाचकांना सांगायची गरज नाही. फिरत्या मजुराचंही तेच होतं. "बाहेरचे लोक रोग आणतात," हे वाक्य मी स्टाफरूममध्येही ऐकलंय. हाच माणूस आपल्या जंगलातून रोग घेऊन स्वतःच्या घरी जातो, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

देशाला 2027 पर्यंत स्थानिक मलेरिया शून्यावर आणायचा आहे आणि 2030 पर्यंत त्याचं उच्चाटन करायचं आहे. आपल्या राज्यातल्या मलेरियाचा मोठा वाटा गडचिरोलीचा, आणि तिथे आता लोहखनिजाचं खाणकाम वाढतंय. मग खाणरस्त्यावरचा पंक्चरवाला, ढाब्याचा मालक, मजुरांचा मुकादम यांच्यातून कुणाला का शिकवू नये? चार पट्ट्या, एक रजिस्टर, गोळ्यांची पाकिटं आणि वर देखरेख करणारं आरोग्य केंद्र. रुग्णाच्या हातात एक कार्ड द्यावं: कोणता मलेरिया, कितवा दिवस, किती गोळ्या राहिल्या. हिंदीत, मराठीत, उर्दूत, गोंडीत. पुढच्या मुक्कामी कुणी ते पाहिलं तरी कोर्स पुरा होईल. तापाच्या दिवसांची मजुरी ठेकेदाराने कापू नये, ही अट करारातच हवी. नाहीतर माणूस ताप लपवणार, कारण घरी चूल आहे.

परवा त्या अब्बांना फोन केला. गाडी छत्तीसगडमध्ये कुठेतरी उभी होती. मी विचारलं, "भाई, या वेळी गोळ्या पूर्ण केल्या का?"

"ग्यारह दिन की हुई सर. तीन कम पड़ गई. यहाँ किसको पूछूँ?"