वकिलीची खरी मिळकत

वकिली हा प्रतिष्ठेचा व्यवसाय मानला जातो. काळा कोट, मोठी कचेरी, नामांकित अशिलांची वर्दळ आणि भरभक्कम फी हीच त्या प्रतिष्ठेची लक्षणे समजली जातात. कायद्याच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेणारा विद्यार्थीही बहुधा हेच चित्र डोळ्यांपुढे ठेवतो. हे चित्र खोटे नाही. परंतु ते अपुरे आहे. पैसा आणि मान मिळाला की वकील यशस्वी ठरतो. तो कृतार्थ ठरतो की नाही, हे मात्र त्याने आपली विद्या कोणासाठी वापरली यावर अवलंबून असते.

हा फरक न्यायमूर्ती के. चंद्रू यांच्या जीवनातून स्पष्ट होतो. चेन्नईच्या दक्षिणेस तांबरम हे उपनगर आहे. १८३७ साली स्थापन झालेले मद्रास ख्रिश्चन महाविद्यालय १९३७ पासून तेथे आहे. या महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर चंद्रू १९७३ मध्ये कायद्याच्या शिक्षणाकडे वळले आणि १९७६ मध्ये त्यांनी वकिलीची सनद घेतली. सुरुवातीची आठ वर्षे त्यांनी गोरगरिबांना कायद्याचे साहाय्य देणाऱ्या वकिलांच्या कचेरीत काढली.

१९९३ मध्ये तमिळनाडूतील एका गरीब मजुराला पोलिसांनी चोरीच्या संशयावरून पकडून नेले. तो कोठडीतून पळून गेला, असे पोलीस सांगत होते. त्याच्या पत्नीचा त्यावर विश्वास नव्हता. चंद्रू यांनी फी न घेता तिची बाजू उच्च न्यायालयात मांडली. कोठडीतील मारहाणीत त्या मजुराचा मृत्यू झाल्याचे पुढे उघड झाले आणि २००६ मध्ये दोषी पोलिसांना शिक्षा झाली. २०२१ सालच्या ‘जय भीम’ या चित्रपटाला याच खटल्याचा आधार आहे.

२००६ मध्ये चंद्रू मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. २०१३ पर्यंत त्यांनी सुमारे ९६,००० प्रकरणे निकाली काढली. एवढे काम केवळ बुद्धीच्या बळावर होत नाही; त्यामागे रोजची शिस्त आणि पूर्वतयारी असावी लागते. वकिलांनी आपल्याला ‘माय लॉर्ड’ म्हणू नये, असे त्यांनी सांगितले. राजदंड घेऊन पुढे चालणारा चोपदारही त्यांनी नाकारला. निवृत्तीच्या दिवशी सरकारी मोटार परत करून ते उपनगरी रेल्वेने घरी गेले.

यावर कोणी म्हणेल, की असे आदर्श ऐकायला बरे वाटतात. पण ज्याच्या घरी चूल पेटण्याची चिंता आहे, त्याने विनामूल्य खटले कसे चालवावेत? हा आक्षेप रास्त आहे. नवोदित वकिलाची पहिली काही वर्षे ओढाताणीचीच असतात. या प्रश्नाचे उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यात सापडते. त्यांच्याशी असलेले आपले वैचारिक नाते चंद्रू यांनी स्वतःच्या निकालांवरील तमिळ पुस्तकाच्या नावातच नोंदवले आहे. बाबासाहेबांनी १९२३ मध्ये मुंबईत वकिली सुरू केली, तेव्हा जातिभेदामुळे त्यांना कामे मिळणे अवघड होते. चरितार्थासाठी त्यांनी एका खाजगी संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. त्याच काळात, १९२६ मध्ये, ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून झालेल्या बदनामीच्या खटल्यात त्यांनी दिनकरराव जवळकर, केशवराव जेधे यांची बाजू अपिलात मांडली आणि त्यांची सुटका करवली. अर्थार्जन त्यांनी कमी लेखले नाही. परंतु त्यालाच आपले ध्येयही होऊ दिले नाही.

कायद्याच्या विद्यार्थ्याने यातून मार्ग काढावा. योग्य काम करून योग्य फी घेण्यात कमीपणा नाही. कंपन्यांचे करार लिहिणाराही प्रामाणिक श्रमच करीत असतो. मात्र आपल्या वेळेचा काही भाग दुर्बलांसाठी राखून ठेवण्याची सवय पहिल्या वर्षापासूनच लावावी. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि कोठडीतील माणसे यांना मोफत कायदेविषयक साहाय्याचा हक्क आहे. हा हक्क कागदावरून माणसापर्यंत पोहोचवण्याचे काम विद्यार्थीही करू शकतो.

त्यासाठी त्याने तालुक्याच्या न्यायालयात जाऊन बसावे. तेथील कामकाज पाहावे, अर्ज आणि दावे कसे लिहिले जातात याचा अभ्यास करावा. इंग्रजी अवश्य आत्मसात करावी. पण निकालाचा अर्थ अशिलाला त्याच्या भाषेत समजावून सांगण्याची कलाही शिकावी. आपल्या खटल्यात काय घडले, हे ज्या अशिलाला कळत नाही, त्याला खटला जिंकूनही न्याय मिळाल्याचे समाधान लाभत नाही.

वकिलाच्या कपाटात कायद्याचे ग्रंथ असतात, तशाच सामान्य माणसांच्या हकिकतीही फायलींतून साठत जातात. त्या हकिकतींकडे तो किती आस्थेने पाहतो, यावरच त्याच्या व्यवसायाचे मोल ठरते.