कुत्रा हवा, पण घरात दमा आहे

एका भगिनीचे पत्र आले आहे. पती-पत्नी दोघेही नोकरीला, मुलगी सहावीत. शाळेतून येते ती कुलूप उघडून रिकाम्या घरात. दोन वर्षे तिचा एकच हट्ट आहे, कुत्र्याचे पिल्लू आणा. भगिनींना लहानपणापासून दमा, पंप सतत पर्समध्ये. आता एका दुकानदाराने सांगितले की "शिह त्झू घ्या. छोटे कुत्रे आहे, केस गळत नाहीत, या जातीची ॲलर्जी होतच नाही." किंमत जवळजवळ एका पगाराएवढी. रविवारी बयाणा द्यायचा आहे. पत्राच्या शेवटी भगिनी म्हणतात, "आणला आणि त्रास झाला तर मुलीसमोर परत कसा देऊ?"

हा प्रश्न आम्हांस सर्वात महत्त्वाचा वाटला, म्हणून या आठवड्याचे सदर त्यालाच देत आहोत.

प्रथम एक गैरसमज दूर करू. ॲलर्जी कुत्र्याच्या केसाची नसते. कुत्र्याच्या लाळेत, कातडीच्या कोंड्यात आणि मूत्रात काही प्रथिने असतात, त्यांची ती असते. यातील मुख्य प्रथिनाला शास्त्रज्ञ 'कॅन एफ १' म्हणतात. कुत्रा अंग चाटतो, लाळ वाळते, तिचे सूक्ष्म कण हवेत तरंगतात, गादीवर आणि कपड्यांवर बसतात. पूडल, माल्टीज, बिशाँ फ्रीझ, शिह त्झू, ल्हासा ॲप्सो यांचे केस कमी गळतात, हे खरे. पण लाळ आणि कोंडा त्यांनाही असतोच.

दुकानदारांच्या दाव्याची तपासणीही झालेली आहे. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कुत्रा असलेल्या १७३ घरांतील धूळ तपासली. 'ॲलर्जी न करणारी' म्हणवणारी कुत्री असलेल्या घरांत हे प्रथिन कमी सापडले नाही. २०१२ साली हॉलंडच्या संशोधकांनी कुत्र्यांचे केसच तपासले, तर या नावाजलेल्या जातींच्या केसांत ते उलट जास्तच निघाले.

ऑस्ट्रेलियातली हकीकत तर बोलकी आहे. हवाई बेटांवरील एका अंध बाईंना वाटाड्या कुत्रा हवा होता, पण पतीला कुत्र्याची ॲलर्जी. अंधांना कुत्री पुरवणाऱ्या संस्थेतील वॉली कॉनरन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस लॅब्राडोर आणि पूडल यांचा संकर केला. पिल्ले झाली तीन. तिघांचे केस व लाळ त्या पतीकडे पाठवून पाहिली, तर एकच पिल्लू चालले. आई एक, बाप एक, वेत एक, तरी तिघांत फरक! पुढे या संकराचे जगभर पेव फुटले आणि कॉनरन यांनी स्वतःच पश्चात्ताप बोलून दाखवला.

म्हणजे पाहायचे ते त्या एका कुत्र्याला आणि त्या एका माणसाला. जात पाहून उपयोग नाही. (कुत्र्याच्या बाजारात 'जातिवंत' हा शब्द कौतुकाने उच्चारतात, तो आमच्या कानाला नेहमीच खटकतो. ल्हासा ॲप्सो विकताना एक दुकानदार आम्हांस म्हणाला होता, "साहेब, हे तर तिबेटच्या मठातले, तुम्हा बौद्धांचेच कुत्रे!" मठात ते पाळले जात हे खरे, पण त्याने शिंक थांबत नाही.)

शिह त्झूबद्दल आणखी एक. त्याचे तोंड चपटे असते, त्यामुळे उन्हाळ्यात त्यालाच श्वासाला त्रास होतो. केस रोज विंचरले नाहीत तर गुंता होतो. दमेकऱ्याच्या घरात दुसरा धापा टाकणारा आणून ठेवू नये, असे आमचे मत.

याचा अर्थ मुलीला नाहीच म्हणावे असे नाही. प्राण्याची माया ही मोठी गोष्ट आहे. फेब्रुवारी १९३४ मधील राजगृहातील ते कौटुंबिक छायाचित्र अनेकांच्या घरी आहे. त्यात बाबासाहेब, रमाई, यशवंतराव यांच्यासोबत लाडका टॉबीही आहे. आपल्यापैकी कितीजणांनी त्याच्याकडे निरखून पाहिले असेल?

तेव्हा भगिनींनी आधी ॲलर्जीची कातडीवरील चाचणी करून घ्यावी. कित्येकदा दोष कुत्र्याचा नसून गादीतल्या धूळकिड्यांचा किंवा झुरळांचा निघतो. काहींना फक्त नराच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणाऱ्या प्रथिनाचीच ॲलर्जी असते. अशांना मादी किंवा खच्ची केलेला नर चालू शकतो, पण ते डॉक्टरांनीच सांगायचे. दमा आटोक्यात नसेल, रात्री उठून पंप घ्यावा लागत असेल, तर तूर्त कुत्रा नको. त्यात आम्ही भीड ठेवणार नाही.

चाचणीनंतर डॉक्टरांनी हरकत घेतली नाही, तर जो कुत्रा आणायचा त्याच्याच सहवासात तीन-चार वेळा, दरवेळी दोन-तीन तास, बंद खोलीत बसून पाहावे. पंप सोबत असावा. एकदा बसून काही झाले नाही म्हणून निर्धास्त होऊ नये, त्रास कधीकधी उशिरा दिसतो. यासाठी मोठे झालेले कुत्रे बरे, मग ते गल्लीतले, लस टोचलेले गावठी का असेना.

आणल्यावर निजायच्या खोलीत त्याला प्रवेश नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून. आंघोळ आठवड्यातून दोनदा, कारण धुतल्याचा परिणाम थोडेच दिवस टिकतो. आंघोळ आणि विंचरणे हे काम दमा नसलेल्याने करावे, म्हणजे पतिराजांनी. कोरडा झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसावे, चादरी गरम पाण्यात धुवाव्यात.

राहिला परत देण्याचा प्रश्न. मुलीला आजच सर्व खरे सांगावे, चाचणीला आणि कुत्रा पाहायलाही सोबत न्यावे. सहावीतल्या मुलीला आईचा श्वास कळतो. आमच्या माहितीतल्या एका घरी हे मुलापासून लपवले आणि चौथ्या महिन्यात कुत्रा एका रात्रीत 'गावाला गेला'. तो मुलगा आज मोठा आहे, अजून विचारतो कुठल्या गावाला.

रविवारचा बयाणा मात्र देऊ नये. चाचणीचे काय निघाले ते भगिनींनी आम्हांस अवश्य कळवावे. जयभीम.