९५ किलो, १२५ सीसी

मंडळी, आजच्या विषयाचा तुमच्यापैकी बहुतेकांशी काडीचाही संबंध नाही. तरी वाचा. कारण त्यात वय आहे, वजन आहे आणि हट्ट आहे, आणि या तिन्ही गोष्टी आपल्या घराण्यात आणि मित्रमंडळींत मुबलक आहेत.

प्रश्न असा : पन्नाशी ओलांडलेल्या, अंगाने भरलेल्या माणसाने मोटोक्रॉससाठी लहान इंजिनाची गाडी घ्यावी का?

ज्यांना मोटोक्रॉस म्हणजे काय हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मातीचा बंदिस्त ट्रॅक, त्यात चढ, उतार, वळणं आणि मुद्दाम रचलेले उंचवटे, ज्यांवरून गाडी हवेत जाते. त्यासाठीच्या गाड्या वेगळ्या असतात. लाइट नाही, हॉर्न नाही, नंबर प्लेट नाही. रस्त्यावर चालवता येत नाहीत, टेम्पोत टाकून न्याव्या लागतात. इथे दक्षिण कॅलिफोर्नियात असे ट्रॅक बरेच, आणि त्यांवर पांढऱ्या मिशांची माणसंही बरीच. सॅन बर्नार्डिनोजवळच्या ग्लेन हेलनला तर प्रौढांची जागतिक स्पर्धा वर्षानुवर्षं भरत आली आहे. तिच्यात तिशीपुढच्यांपासून गट सुरू होतात ते थेट सत्तरीपुढच्यांपर्यंत. सत्तरी! आपल्याकडे त्या वयात सज्जनगडाला जायचं तरी लोक आधी पायऱ्या किती ते विचारतात.

तर मी ५४ वर्षांचा. वजन ९५ किलो. (वहिनींनी इथे हसू नये.) आणि माझी गाडी म्हणजे १२५ सीसीची टू-स्ट्रोक यामाहा. तिचं वजनही पेट्रोल भरून ९५ किलोच. म्हणजे आमचं जमतं.

यावर मला दोन प्रकारचे सल्ले मिळतात. पुण्याहून ताई फोनवर म्हणते, "चालवायचीच आहे ना, मग लहान घेतलीस ते बरं केलंस. तेवढीच काळजी कमी." आणि ट्रॅकवरचे मित्र म्हणतात, "अरे, तुझ्या वजनाला ४५० पाहिजे. ती बिचारी १२५ रडतेय." माझ्या मते ताईचं कारण चूक आहे आणि मित्रांचा निष्कर्ष चूक आहे. कसं ते सांगतो.

आधी मित्रांचा मुद्दा घेऊ, कारण त्यात तथ्य आहे. १२५ ची मोटोक्रॉस गाडी साधारण ३५ ते ४० हॉर्सपॉवर देते. हिशोबाला ३८ धरू. ६० किलोचा पोरगा बसला की गाडी आणि तो मिळून १५५ किलो. म्हणजे एका हॉर्सपॉवरमागे ४ किलो आणि थोडंसं. माझ्यासारखा बसला की १९० किलो, म्हणजे एका हॉर्सपॉवरमागे बरोबर ५ किलो. वर बूट, हेल्मेट, छाती-गुडघ्यांचं चिलखत याचं आणखी सात-आठ किलो ओझं, पण ते पोरालाही असतंच. ४५० सीसीची फोर-स्ट्रोक ११० किलोच्या आसपास आणि ताकद ५५ ते ६०. तिच्यावर मी बसलो तरी हिशोब साडेतीन-पावणेचार किलोवर येतो. म्हणजे ४५० वरचा जाडा माणूस १२५ वरच्या काटकुळ्या पोरापेक्षाही फायद्यात! गणित मित्रांच्या बाजूने आहे, हे मान्य.

पण आता तुमच्या ओळखीची गाडी घ्या. आरएक्स १००. पुण्यात ८५ नंतर ज्यांनी ज्यांनी तिचा आवाज ऐकलाय त्यांना तिच्या पिकअपबद्दल वेगळं सांगायला नको. तिची ताकद ११ हॉर्सपॉवर आणि वजन १०० किलोच्या घरात. तिच्यावर आज मी बसलो तर एका हॉर्सपॉवरमागे साडेसतरा किलोच्या वर पडतील. आणि त्या गाडीला आपण तेव्हा 'रॉकेट' म्हणत होतो! ५ किलोचा हिशोब म्हणजे 'रडणारी गाडी' हे फक्त ४५० च्या शेजारी उभं राहून म्हणता येतं. एरवी ती माणसाला भरपूर घाबरवते.

दुसरा एक गैरसमज. लहान इंजिन म्हणजे लहान गाडी नव्हे. मोटोक्रॉसची १२५, २५०, ४५० या तिन्हींची उंची जवळपास सारखीच असते. सीट साधारण ३७ इंचांवर, चाकं तीच, २१ आणि १९ ची. ८५ आणि त्याखालच्या गाड्या मात्र खरोखर मुलांच्या मापाच्या. त्यांवर मोठा माणूस बसला की गुडघे हँडलला लागतात आणि उभं राहिलं तर पाठीचा धनुष्य होतो. तेव्हा 'लहान' म्हणताना मी १२५ बद्दल बोलतोय, मुलाच्या ८५ वर बसून फोटो काढणाऱ्या बाबांबद्दल नाही.

आता खरा मुद्दा. जाड माणसाला इंजिन कमी पडायच्या कितीतरी आधी स्प्रिंग कमी पडते. कारखान्यातून १२५ निघते ती साधारण ७०-७५ किलोच्या माणसासाठी. मागचं चाक वरखाली जायला सुमारे ३०० मिलिमीटर जागा असते. माणूस नीट बसला-उभा राहिला की त्यातली १०० च्या आसपास दबावी, अशी अपेक्षा असते. ९५ किलोचा माणूस मूळ स्प्रिंगवर बसला की मागचा भाग खूपच दबतो, पुढचं चाक हलकं होतं, आणि वळणावर गाडी सरळ बाहेर निघून जाते. लोक काय करतात? शॉकअपची रिंग पिळून पिळून घट्ट करतात. त्याने आकडा जुळतो, पण गाडी नुसती उभी असताना दबायलाच तयार नसते. मऊ स्प्रिंग जबरदस्तीने ताणलेली राहते आणि खड्ड्यातून उसळून माणसाला सीटवरून उडवते. उपाय एकच, वजनाप्रमाणे पुढच्या आणि मागच्या कडक स्प्रिंगा. त्यांचा खर्च गाडीच्या किमतीपुढे किरकोळ असतो. 'माझ्या वजनाला १२५ चालत नाही' म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी स्प्रिंग बदलून पाहिली, हे एकदा विचारायला हवं.

मग ४५० च का नको? ती वाईट आहे म्हणून नव्हे. ती फार चांगली आहे, हाच तिचा दोष. या खेळात दहा-पंधरा मिनिटांत हाताच्या पुढच्या भागात गोळे येतात, मूठ आवळता येत नाही. पन्नाशीत हे जरा लवकरच होतं. दमलेला माणूस उंचवट्यावर मागे घसरतो, आणि घसरताना आधारासाठी हँडल घट्ट धरतो. त्या धरण्यातच मनगट फिरतं आणि रेस वाढते. रेस वाढली की गाडी पुढे सुटते, माणूस आणखी मागे जातो, मूठ आणखी फिरते. हे सगळं एका सेकंदात. १२५ वर असं झालं तर पुष्कळदा इंजिन नुसतं ओरडतं आणि सावरायला एक क्षण मिळतो. ४५० तो क्षण देत नाही. इथल्या माझ्या एका मित्राला, वय ५६ आणि वजन माझ्याएवढंच, 'तुमच्या वजनाला हीच' असं सांगून कोणीतरी ४५० गळ्यात मारली. तिसऱ्या महिन्यात अगदी साध्या चढावर खांदा निखळला. आता तो ट्रॅकवर येतो, पण कुंपणाच्या बाहेर, कॉफीचा कप घेऊन. गमती करतो, हसतो, आणि गाड्या सुटल्या की गप्प होतो. ते गप्प होणं मला पाहवत नाही.

आता ताई, तुझ्या 'काळजी कमी'कडे येतो. नीट वाच. लहान गाडी आपोआप सुरक्षित नसते. तिचा धोका वेगळ्या जागी असतो. उंचवट्यावरून उडताना पलीकडच्या उतारावर उतरायला ठरावीक वेग लागतो. वजनामुळे गाडीने चढावर दम टाकला आणि वेग थोडा कमी पडला, तर माणूस उतारावर न उतरता त्याच्या कडेवर आपटतो. मधला भाग सपाट भरलेला असेल, म्हणजे ज्याला टेबलटॉप म्हणतात तो, तर फक्त दात वाजतात. मध्ये खड्डा असेल, म्हणजे 'डबल', तर घोटा, मनगट, पाठ, काहीही जाऊ शकतं. ४५० वर चूक झाली तरी ताकदीच्या जोरावर पलीकडे पोचता येतं. १२५ वर वळणातून वेग राखून, योग्य गिअरमध्ये, इंजिन वरच्या सुरात असतानाच निघावं लागतं. नाही जमलं तर उडी मारायचीच नाही, लोळत पलीकडे जायचं. मी डबल घेत नाही. एकही नाही. पोरं बाजूने उडून जातात, जाऊ देत. हा नियम पाळणार नसाल तर जाड माणसाने १२५ घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे सगळं असूनही १२५ का? कारण ती फसवत नाही. ४५० वर मी दमलोय हे मला उशिरा कळतं, कारण काम ती करत असते. १२५ वर सारखं क्लच, गिअर, शरीर पुढे, शरीर मागे. दम लागला की वेग लगेच पडतो, आणि वेग पडला की मी बाहेर येतो. वळणात तिचं हलकेपण जाणवतं, ती पडली तर उचलताना कंबर धरत नाही. आणि इंजिनाची मर्यादा माझ्या हिमतीच्या आधी येते. माझ्या वयाला हा क्रम बरा.

आकाराचा आणि इंजिनाचा संबंध लोक वाटतं तितका सरळ नाही, याची दोन उदाहरणं देतो. बेल्जियमचा गॅस्टन राहिए १९७५ ते ७७ सलग तीन वर्षं १२५ चा विश्वविजेता होता. चणीने अगदी लहान. पण पुढे १९८४ आणि ८५ ची पॅरिस-डकार त्याने जिंकली ती बीएमडब्ल्यूच्या धिप्पाड गाडीवर, जिच्यावर बसल्यावर त्याचे पाय जमिनीला टेकत नसत. उलट बाजूने, इटलीचा अँटोनियो कैरोली २०१० मध्ये मोठ्या गटाचा विश्वविजेता झाला तो केटीएमच्या ३५० वर, समोर ४५० उभ्या असताना. कारण जी ताकद शेवटपर्यंत वापरता येते तीच खरी.

हे ज्यांनी वाचून गाडी घ्यायचं ठरवलं असेल (असे दोन भाचे मला माहीत आहेत, पण ते विशीतले आणि सडपातळ आहेत, त्यांच्यासाठी हा लेख नाही), त्यांना अपवादही सांगतो. खोल वाळूचा ट्रॅक असेल, किंवा लांबलचक उभे चढ असतील, तर शंभर किलोच्या पुढच्या माणसाने १२५ च्या वाटेला जाऊ नये. इंजिन सतत पूर्ण रेसवर राहतं, आणि टू-स्ट्रोकचा पिस्टन किलोमीटरवर नाही तर तासांवर मोजून बदलावा लागतो. अशांनी फोर-स्ट्रोक २५० किंवा ३५० पाहावी. गुडघे कुरकुरत असतील तर किकवाली नको, बटणवाली घ्या. उन्हात बंद पडलेल्या गाडीला दहा किका मारल्या की उरलेला दिवस त्यातच जातो. आणि भारतातल्यांसाठी, २०२४ च्या अखेरीस केटीएमने तिथे मोटोक्रॉसच्या गाड्या आणल्या त्यात मुलांच्या ५०, ६५, ८५ होत्या आणि पुढे एकदम २५० आणि ४५०. मधली १२५ नव्हतीच. त्याच वर्षीच्या जानेवारीत पुण्यात बालेवाडीला सुपरक्रॉसची लीग झाली, तेव्हा भाच्याने फोटो पाठवले होते. त्या उड्या पाहून सांगतो, तसला ट्रॅक आमच्या वयाच्या आणि वजनाच्या माणसाने कुठल्याच गाडीवर करू नये.

शेवटी एक. आपल्याकडे वय झालं की एकच सल्ला मिळतो, 'आता सोड.' पोहणं सोड, ट्रेकिंग सोड, स्कूटर सोड. देणाऱ्यांचा जीव असतो म्हणूनच देतात, हे कळतं. पण 'सगळं कर' आणि 'सगळं सोड' यांच्यामध्ये बरीच जागा आहे. थोडं कमी कर, थोडं हळू कर, वजनाला साजेशा स्प्रिंगा टाक आणि डबल सोडून दे. त्या मधल्या जागेत माणसाची दहा-पंधरा वर्षं आनंदात जाऊ शकतात. ज्या दिवशी १२५ सुद्धा मला ओढायला लागेल, मी तिला ओढेनासा होईन, त्या दिवशी ती विकेन. तोवर ताई, शनिवारी सकाळी फोन लागला नाही तर घाबरू नकोस. दुपारी मीच करीन.