ठेवा जपायचा, की वाढवायचा?

दिवाळीची पहाट असो, गणेशोत्सवातील सायंकाळ असो वा एखाद्या संस्थेचा वर्धापनदिन; मराठी गाण्यांचा कार्यक्रम योजला की गीतांची यादी जवळजवळ ठरलेलीच असते. साठच्या दशकातील भावगीते, नाट्यपदे आणि चित्रगीते यांवाचून ती पुरी होत नाही. निवेदक आठवणी सांगतो, गायक मूळ गायकाची हरकत न् हरकत उचलतो आणि श्रोते माना डोलावतात. यात गैर काहीच नाही. मात्र ज्या दशकाचे एवढे कौतुक होते, त्या दशकाचा स्वभाव या कौतुकात कितपत उतरला आहे, हा प्रश्न विचारावाच लागतो.

ती गाणी योगायोगाने जन्माला आली नव्हती. त्यांच्यामागे मागणी होती आणि ती मागणी नव्याची होती. त्याची पायाभरणी पुणे आकाशवाणीने १९५५-५६ मध्ये केली. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांनी ‘गीतरामायणा’ची ५६ गीते दर आठवड्याला एक या क्रमाने श्रोत्यांना दिली. सीताकांत लाड यांच्यासारखा कल्पक अधिकारी पाठीशी होता. वेळापत्रक टळणारे नव्हते. म्हणूनच ती प्रतिभा वेळेवर कामाला लागली. १९५४ च्या दादरा-नगरहवेली मुक्तिसंग्रामात उतरलेल्या बाबूजींना शिस्तीचे वावडे नव्हतेच!

पुढे मुंबई आकाशवाणीवरील ‘भावसरगम’सारख्या कार्यक्रमांतून नवी भावगीते घरोघर पोचू लागली. १९६२ च्या सुमारास आलेले ‘शुक्रतारा’ हे त्याचे बोलके उदाहरण. मंगेश पाडगांवकरांचे शब्द, श्रीनिवास खळ्यांची चाल, हिंदी चित्रसृष्टीतील गायिका सुधा मल्होत्रा आणि इंदूरचा एक नवा आवाज, अरुण दाते. तो आवाज तेव्हा कोणाच्याही ओळखीचा नव्हता. ‘लोकांना जुनेच हवे असते’ असे म्हणून कोणी दार लावून घेतले असते, तर आज ज्याच्या आठवणी काढल्या जातात ते गाणे अस्तित्वातच आले नसते.

रंगभूमीवरही हेच घडले. रात्र रात्र चालणाऱ्या संगीत नाटकांचा काळ ओसरला होता. गोव्यातील मंगेशीच्या पं. जितेंद्र अभिषेकींनी बालगंधर्वांच्या काळाची नक्कल करीत बसण्याचे नाकारले. ‘मत्स्यगंधा’ (१९६४), ‘ययाति आणि देवयानी’ (१९६६) आणि ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) या नाटकांतून त्यांनी पदे आटोपशीर केली, चाली नाट्यप्रसंगाशी बांधल्या. राग तोच ठेवला, पण त्याची मांडणी नव्या प्रेक्षकासाठी केली. परंपरा टिकली ती अशी, तिला पुढे नेणारा माणूस भेटल्यामुळे.

लता मंगेशकर त्या काळी हिंदी पार्श्वगायनाच्या शिखरावर होत्या. तरीही ‘आनंदघन’ हे नाव घेऊन त्यांनी भालजी पेंढारकरांच्या ‘मोहित्यांची मंजुळा’ (१९६३), ‘मराठा तितुका मेळवावा’ (१९६४) आणि ‘साधी माणसं’ (१९६५) या चित्रपटांना संगीत दिले. मराठी मातीचा सूर त्यांनी नव्या चालींत ओतला. प्रसिद्धी मिळालेल्या कलावंताने स्वतःच्याच यशाची उजळणी करायची नसते, हा त्यातील धडा आहे.

याच काळाने आणखी एक गोष्ट शिकवली. नभोवाणीमंत्री बा. वि. केसकर यांनी अभिरुचीच्या रक्षणार्थ १९५२ पासून आकाशवाणीवरील चित्रगीतांना आवर घातला. हेतू प्रामाणिक होता. परिणाम मात्र असा झाला की श्रोत्यांनी रेडिओची सुई रेडिओ सिलोनकडे वळवली आणि अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ घराघरात गाजली. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. निषेधाने अभिरुची घडली नाही. ज्यांनी ती घडवली, त्या खळे, फडके, यशवंत देव यांनी कोणाला नावे ठेवण्यात वेळ घालवला नाही. त्यांनी अधिक चांगले गाणे निर्माण केले. आजच्या गाण्यांच्या नावाने बोटे मोडणाऱ्या सज्जनांनी हे ध्यानात घ्यावयास हवे.

‘आता तसे कवी नाहीत, तसे संगीतकार नाहीत’ असा आक्षेप नेहमी ऐकू येतो. पण कवी आहेत की नाहीत हे कळण्यासाठी त्यांच्याकडे गीत मागावे तरी लागते! ‘कट्यार’ २०१५ मध्ये पडद्यावर आली, तेव्हा जुन्या पदांबरोबर नवी गाणीही आली आणि तरुण प्रेक्षकांनी दोन्ही उचलून धरली. रसिकता आटलेली नाही. आटली आहे ती मागणी. लहान मुले वाहिन्यांवरील स्पर्धांतून दुसऱ्याची गाणी तंतोतंत गाऊन बक्षिसे मिळवतात; त्यांच्यासाठी नवे गीत लिहिण्याचे मात्र कोणास सुचत नाही.

उपाय अवघड नाही. प्रत्येक पहाटेच्या कार्यक्रमात किमान दोन गीते नवी असावीत. ती त्याच गावातील कवीने लिहिलेली आणि तेथीलच संगीतकाराने बांधलेली असावीत. त्यांना हारतुऱ्याबरोबर योग्य मानधनही द्यावे. दहांतील नऊ गीते विस्मरणात जातील. साठच्या दशकातीलही कित्येक गेलीच. उरणारे एक गीत पुढील पन्नास वर्षे घराघरांत गुणगुणले जाईल.

पूर्वजांनी ठेवलेले धान्य केवळ कोठारात राखून कोणाचे पोट भरत नाही. त्यातील काही पेरावेही लागते.