शब्दओळख : फ्रीझ

बिबवेवाडीच्या एका भगिनींनी विचारले आहे : बँकेकडून 'डेबिट फ्रीझ' असा मेसेज आला, तर पैसे गेले असे समजायचे का? नाही. पैसे खात्यातच असतात, फक्त बाहेर काढता येत नाहीत. जमा मात्र होऊ शकतात. 'टोटल फ्रीझ' असेल तर येणे-जाणे दोन्ही बंद. केवायसी राहिली किंवा फसवणुकीची रक्कम खात्यातून फिरल्याचा संशय आला, की असे होते. मेसेजमधल्या लिंकला हात लावू नये. शाखेत जाऊन लेखी कारण मागावे.

आता शब्दाकडे. फ्रीझ, फ्रोझ, फ्रोझन ही क्रियापदाची रूपे. मूळ अर्थ थंडीने गोठणे. पाणी ० अंश सेल्सिअसला गोठते. स्वयंपाकघरातला 'फ्रिज' वेगळा. तो रेफ्रिजरेटरचा तुकडा, उच्चार ऱ्हस्व, शेवटी 'ज'. म्हणून फ्रिजमध्ये ठेवणे म्हणजे फ्रीझ करणे नव्हे. कुर्बानीचे गोश्त खालच्या कप्प्यात नुसते गार राहते. वर फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांच्या आसपास, ते फ्रोझन होते.

मुले अडखळतात ती घरच्या बोलीमुळे. दखनीत दही जमते, घी जमते, बर्फ जमतो, खूनही जमतो. एकच क्रियापद सगळीकडे चालते. मग वहीत 'द कर्ड फ्रोझ' असे वाक्य येते. इंग्रजीत दही 'सेट' होते आणि रक्त 'क्लॉट' होते. डॉक्टरांसमोर तर हा फरक पाळायलाच हवा. मराठी इथे मदतीला येते. दही लागते, तूप थिजते, रक्त साकळते, पाणी गोठते. आधी मराठी शब्द आठवावा, मग इंग्रजी शोधावा, असे आम्ही मुलांना सांगतो.

खात्याच्या बाबतीत थंडीचा संबंध उरत नाही. आहे तिथेच, आहे तसेच थांबवणे, एवढाच अर्थ राहतो. मराठी वृत्तपत्रे 'गोठवणे' म्हणतात, उर्दू वृत्तपत्रे 'मुंजमिद'. ऑक्टोबर २०२२ मध्ये निवडणूक आयोगाने शिवसेनेचे धनुष्यबाण गोठवले, तेही याच अर्थाने.

माणसाला उद्देशून म्हटले, तर हाच शब्द हुकूम होतो : हलू नकोस! १७ ऑक्टोबर १९९२ रोजी अमेरिकेतल्या बॅटन रूज शहरात योशिहिरो हात्तोरी हा १६ वर्षांचा जपानी विद्यार्थी पार्टीला जाताना चुकून दुसऱ्याच घरी गेला. घरमालकाने पिस्तूल रोखून 'फ्रीझ' म्हटले. मुलगा पुढे येत राहिला, आणि गोळीने त्याचा जीव गेला. त्याला तो शब्द उमगला नसावा, असेच तेव्हा बहुतेकांना वाटले. थंडीचा अर्थ कदाचित त्याला ठाऊकही असेल.

ज्यांची मुले शिकायला परदेशी निघाली आहेत, त्यांनी हा दुसरा अर्थ आधी सांगावा : ऐकताच जागीच उभे राहायचे, हात समोरच्याला दिसतील असे ठेवायचे. लहानग्यांना समजावणे सोपे आहे. गल्लीत ती 'स्टॅच्यू' खेळतात ना, तेच हे.