समुद्रतळींचें साम्राज्य

कोल्हापुरास समुद्र नाहीं. सह्याद्रि उतरून कोंकणांत गेल्यावांचून येथील माणसास खारें पाणी दृष्टीस पडत नाहीं. तथापि समुद्राचा एक परदेशी राजा आमच्या गांवीं मुक्कामास आहे, आणि तो येथील मातींतूनच वर आला आहे. पंचगंगेच्या कांठीं ब्रह्मपुरीची टेकडी आहे. १९४४ सालीं प्रा. कुंदणगार यांस तेथें ब्राँझच्या वस्तूंचा एक सांठा लाभला, व पुढें १९४५-४६ मध्यें डॉ. सांकळिया आणि डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनीं त्या जागेचें पद्धतशीर उत्खनन केलें. त्या सांठ्यांत हत्तीवर बसलेल्या मंडळींची एक मोठी गोड प्रतिमा आहे. आणि तिच्या सोबतीस रोमन घडणीची एक लहानशी पुरुषमूर्ति आहे. ही मूर्ति ग्रीकांच्या पोसायडनची, म्हणजे सागराच्या अधिपतीची. सातवाहनांच्या काळीं रोमशीं जो व्यापार चाले, त्याच्या ओघांत स्वारी घाट चढून आली. टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयाच्या संग्रहांत ती आहे.

या राजास राज्य मिळालें तें वाटणींत. होमरच्या इलियडांत तो स्वतःच सांगतो कीं, तिघां भावांनीं चिठ्ठ्या टाकल्या. झ्यूसच्या वांट्यास आकाश आलें, हेडीसच्या वांट्यास पाताळ, आणि आपल्या वांट्यास समुद्र. पृथ्वी मात्र सामाईक राहिली. सामाईक मिळकतीवरून जें व्हावयाचें तें तेथेंही झालेंच! याचा पुत्र ट्रायटन कमरेपर्यंत मनुष्य आणि खालीं मासा. शंख फुंकून लाटांस आज्ञा देणें हें त्याचें काम.

आपल्याकडील पाण्याखालचीं राज्यें याहूनही घरगुती आहेत. महाभारताच्या उद्योगपर्वांत इंद्राचा सारथि मातलि आपल्या गुणकेशीसाठीं स्थळ पाहावयास निघतो. देवांत व मनुष्यांत मुलगा पसंत पडत नाहीं, म्हणून तो नारदाबरोबर वरुणाच्या नगरींत उतरतो. नारद एकेक नगर दाखवितो, एकेक कुळ सांगतो. हिरण्यपुराचे दानव संपन्न खरे, परंतु देवांशीं त्यांचें जुनें वैर, म्हणून तें स्थळ मातलि नाकारतो. अखेर भोगवतींत आर्यकाचा नातू सुमुख त्याच्या मनास येतो. तर त्याला महिन्याच्या आंत खाऊन टाकण्याचा गरुडाचा पण आहे! समुद्राच्या व पाताळाच्या वैभवाचें एवढें वर्णन झालें, तें सारें एका वधूपित्याच्या पायपिटीच्या निमित्तानें. माणसानें समुद्राच्या तळाशीं जें जें राज्य वसविलें, तें आपल्याच अंगणाच्या मापानें वसविलें, असें मला वाटतें.

हें सारें मनांत येण्याचें कारण आमच्या राजारामपुरींतील घरांत सध्यां चाललेला वाद. धाकट्या बंधूंच्या तेरा वर्षांच्या चिरंजीवांनीं ‘मत्स्यमानवांच्या साम्राज्याचा इतिहास’ या नांवाची दोनशे पानी वही जवळ जवळ भरीत आणिली आहे. नऊ राजघराणीं, चार महायुद्धें आणि रंगीत नकाशा. अण्णांस हा उद्योग मुळींच रुचला नाहीं. “ताराराणीच्या गादीच्या गांवीं राहून, जें घडलेंच नाहीं त्याचा इतिहास लिहितोस?” असें ते एकदां रागानें म्हणाले. वडिलांपुढें बोलूं नये हें खरें. परंतु माझें मत निराळें आहे. कल्पित लिहिण्यास माझी ना नाहीं. मात्र त्यास इतिहास म्हणावयाचें असेल, तर इतिहासास विचारतात ते प्रश्न त्यासही विचारले पाहिजेत.

“यांचीं नाणीं कशाचीं?” मीं विचारलें.

“तांब्याचीं, काका.”

“मग भट्टी कोठें पेटली?”

चिरंजीव गप्प झाले. ब्रह्मपुरीची जी काय हकीकत आपणांस कळते, ती विस्तवांतून गेलेल्या वस्तूंनीं सांगितलेली आहे. भाजलेली वीट, खापर, धनुष्यबाणाच्या छापाचें शिशाचें नाणें, आणि तो पोसायडन स्वतःसुद्धां. पाण्याखालीं विस्तव नाहीं; म्हणून धातु नाहीं, मडकें नाहीं, कांच नाहीं. उरले शंख, शिंपले, पोंवळें, मोतीं, हाड आणि दगड. एवढ्यावरही साम्राज्य उभें राहील. मालदिवांकडील कवड्या बंगालच्या बाजारांत एकोणिसाव्या शतकापर्यंत नाण्याप्रमाणें चालत होत्या. राजधानी मात्र फार खोल नेतां येणार नाहीं. सुमारें दोनशें मीटरांखालीं वनस्पति जगण्याइतका उजेड पोंचत नाहीं, आणि दर दहा मीटरांस एका वातावरणाएवढा भार वाढत जातो.

अण्णांस वावगें वाटलें तेथें मला कांहींच वावगें वाटलें नाहीं. परंतु वहीच्या शेवटीं जोडलेलें ‘पुरावे’ नांवाचें पान मात्र मीं फाडावयास लाविलें. गोव्यांतील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या डॉ. एस. आर. राव यांनीं १९८० नंतरच्या दशकांत द्वारकेजवळच्या समुद्रांत जें संशोधन केलें, तें चिरंजीवांनीं आपल्या मत्स्यसम्राटांच्या नांवें खुशाल जमा केलें होतें. तेथें पाण्यांत दगडी बांधकामें मिळालीं आणि भोंकें पाडलेले दगडी नांगर मिळाले. नांगर लागतो तो पाण्यावर तरंगणाऱ्यास. पाण्यांत राहणाऱ्यास नांगर कशाला? तीं बंदरावरच्या हाडामांसाच्या माणसांचीं कामें आहेत. त्यांचे श्रम काढून कल्पनेंतल्या राजांस द्यावे, ही मला चोरीच वाटते. चिरंजीव दोन दिवस माझ्याशीं बोलले नाहींत.

तिसऱ्या दिवशीं चौथें प्रकरण नव्यानें लिहिलें गेलें. आतां मत्स्यसम्राट कोंकणच्या बंदरीं मोतीं आणि कवड्या पाठवितात व त्यांच्या बदल्यांत तांब्याचे पत्रे घेतात. पाण्यांत तांबें हिरवें पडतें म्हणून दर बारा वर्षांनीं तह नवा करावा लागतो. अण्णांनीं तें प्रकरण चष्मा लावून वाचलें व ‘तह’ शब्दाच्या अर्थावरून अर्धा तास शिकविलें. माईंनीं मात्र बसल्या जागेवरून विचारलें, “अष्टौप्रहर ओलेतीं म्हणजे तीं सदा सोंवळींच कीं रे, पण चुलीवांचून नैवेद्य शिजवितात कशावर?” त्या प्रश्नाशीं पांचवें प्रकरण अडून राहिलें आहे.